सातूची साक्ष

तेल-अबीब, खबार कालव्याकाठी
पाचवा महिना (इथले लोक याला आब म्हणतात)

यदीदा पोरी,

तुला आणि माझ्या दादाला शांती असो. मी सांगतेय आणि तुझे आतोबा लिहितायत. मध्येमध्ये ते आपली अक्कल घालतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. (घालणार नाही. — एलासा)

आम्ही बरे आहोत. घर मातीचंच आहे, पण दारात अंजीर लावलं होतं ते जगलं. यांना कालव्याच्या कचेरीत लिहायचं काम मिळालंय. इथले कारकून ओल्या मातीवर काडीने टोचून लिहितात आणि यांच्या शाईला हसतात. पाणी मचूळ, मासे भरपूर.

आता मुद्द्याचं. आपल्या राजाने बाबेलची खंडणी बंद केली, हे इथल्या भाजीवालीलाही ठाऊक आहे. मिसरची फौज येऊन तुम्हाला वाचवणार असं तुमच्याकडे म्हणतात म्हणे. आम्हाला नेलं त्या वर्षीही हेच म्हणत होते. मी वेशीवर उभी राहून त्या फौजेची वाट पाहिली आणि मग दोरीला बांधलेली चालत इथवर आले. बाबेलची फौज कशी निघते ते आम्हाला इथून दिसतं. ती निघणार आहे, पोरी. कधी ते माहीत नाही, पण निघणार.

म्हणून तुम्ही दोघं या. झक्कूर नावाचा अरामी आहे, उंटांचा तांडा घेऊन मिसरला जातो. परतताना यरीहोच्या खजुरांखाली, ओढ्यापाशी त्याचा मुक्काम असतो. त्याच्याशी माझं बोलणं झालंय. पुढच्या वल्हांडणाच्या सणाला, कोकरू खाऊन झाल्यावर, बेखमीर भाकरीचा आठवडा संपला की सणाची गर्दी गावोगाव परतते. तेव्हा शिपाई कुणाकुणाला अडवणार? त्या गर्दीत मिसळून निघा. पहिल्या महिन्याची पुनव, त्यावर तो आठवडा, आणि त्यावर आणखी तीन दिवस झक्कूर थांबेल. हे त्याच्याकडून मी घोकून घेतलंय.

दादा नाही म्हणेल. त्याला सांग, देऊळ काही तुझ्या खांद्यावर उभं नाही. तुझी लेक मात्र आहे. शेजारचा अक्कूब कालवे खणतो, अबोल आहे, कष्टाळू आहे, आणि सगळे दात जागेवर आहेत. (मुलगा चांगला आहे. दातांची मी खात्री करून घेतलेली नाही.)

तुझी,
अबीटाल आत्या


यरुशलेम
दहावा महिना

प्रिय आत्या,

तुझं पत्र लोकरीच्या व्यापाऱ्याबरोबर पोचलं. बाबांना मी ते दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा दातांचं वाक्य गाळलं. मग ते गाळणं बरोबर नाही असं वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा तेही वाचलं. बाबा हसले. खूप दिवसांनी हसले.

होकार द्यायला त्यांनी वेळ घेतला. देवळाच्या अंगणात सध्या दोन संदेष्टे बोलतात. एक म्हणतो, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल आणि तुम्ही सगळे परत याल. लोक त्याला तेल आणि भाकरी नेऊन देतात. दुसरा म्हणतो, मान खाली घाला म्हणजे जिवंत राहाल. त्याला चिखल मारतात. दोघेही म्हणतात की परमेश्वर असं बोलला. मी बाबांना विचारलं, कोणाचं खरं मानायचं? ते म्हणाले, "मी लेवी, देवळाचा सेवेकरी. हातात घेऊन बघता येतं तेवढंच मला सांगता येतं." शेवटी ते माझ्यासाठी तयार झाले. स्वतःसाठी झाले नसते.

त्यांची एकच अट आहे. यंदाची साक्ष देऊनच निघायचं. तुला ठाऊकच आहे, बाराव्या महिन्याच्या अखेरीला तिघे लेवी शेतात जाऊन सातू बघतात. दाणा तयार असेल तर येणारा चंद्र पहिल्या महिन्याचा आणि त्यातच वल्हांडण. नसेल तर अधिक महिना. बाबांचं हे काम तुम्ही इथे असल्यापासूनचं आहे. पण आत्या, तुला ठाऊक नाही ते सांगते. तीन वर्षं झाली, बाबांच्या डोळ्यांवर पडदा आलाय. मी बरोबर जाते, दिसेल ते सांगते, ते लोंबी तळहातावर चोळतात आणि मग देवळात साक्ष देतात. बाईची साक्ष घेत नाहीत, म्हणून माझं नाव कुठे येत नाही. हे पाप आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आतोबांनी विचार करून कळवावं.

वेशीवर कुठे निघालात म्हणून विचारलं तर काय सांगू? बाबा म्हणतात, यरीहोला म्हण, ते खोटं नाही. पण ते पूर्ण खरंही नाही. मी हे दिवसातून किती वेळा घोळवते ते तुला सांगत नाही.

तुझी,
यदीदा


यरुशलेम
अधिक महिना, पुनवेचा आदला दिवस

प्रिय आत्या,

वरची तारीख वाचून तुला कळलं असेल.

आम्ही बेथलेहेमच्या उतारावर गेलो होतो. यंदा पाऊस लांबला आणि थंडी हटलीच नाही. सगळा सातू हिरवा. लोंबी चोळली की बोटांना चीक लागत होता. फक्त एका दगडी बांधाला लागून, जिथे ऊन दोन्हीकडून लागतं, तिथे थोड्या लोंब्या पिवळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दोघांपैकी एक जण पिकला म्हणत होता, एक जण नाही म्हणत होता. म्हणजे निकाल बाबांच्या शब्दावर होता, आणि बाबांचा शब्द माझ्या डोळ्यांवर.

बाबांनी विचारलं, "काय दिसतं?"

मी सांगितलं. पिवळ्या लोंब्याही सांगितल्या.

"किती?"

"ओंजळभर." मग मी म्हटलं, "बाबा, हे शेत बाबेलमधून दिसत नाही. तिथे त्यांनी हाच पहिला महिना धरला तर तांडा महिनाभर आधी येऊन जाईल."

"अबीटालला वल्हांडण मी शिकवलंय. एका देवाच्या लोकांना दोन वल्हांडणं नसतात."

"पण ओंजळभर पिकलाय ना."

"ओंजळीची देवाला वाहायची पेंढी होते का, यदी?"

होत नाही. मी तसंच सांगितलं. संध्याकाळी देवळात शिंग फुंकलं आणि अधिक महिना जाहीर झाला. लोक खूश होते. कोकरं आणखी भरतील म्हणत होते.

मी बाबांना म्हटलं, तरी आपण याच पुनवेला एकदा यरीहोला जाऊन येऊ. पण सणाच्या गर्दीशिवाय यार्देन नदीच्या बाजूला कोणाला सोडत नाहीत. परवा एका तेल्याला वेशीवर मारलं आणि बाबेलला पळतोस का म्हणून विचारलं. तो फक्त रिकामे बुधले घेऊन घरी चालला होता. शेवटी खजूर विकायला येणारी एक बाई आहे, तिला या बाजूला येऊ देतात, तिच्याजवळ निरोप दिला. झक्कूरला सांग, एक महिना थांब. ती म्हणाली, "बाई, उंटवाला बायकोसाठी थांबत नाही, तुझ्यासाठी थांबेल?" पण सांगते म्हणाली.

उद्या पौर्णिमा. आमच्याकडे ती नुसती पौर्णिमा आहे. तुमच्याकडे कदाचित वल्हांडण असेल.

यदीदा


यरुशलेम
पहिला महिना, सण होऊन गेल्यावर

प्रिय आत्या,

आम्ही जाऊन आलो.

वेस सोपी गेली. शिपायाने विचारलं, मी यरीहोला म्हटलं, तो म्हणाला, माझ्यासाठी खजूर आण. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. उतार संपेपर्यंत ते तुझ्याविषयीच बोलत होते. तू लहानपणी कोकरू लपवून ठेवलं होतंस आणि ते घरात ओरडत होतं, ते सगळं.

ओढ्यापाशी कोणी नव्हतं. काळे पडलेले चुलीचे दगड होते आणि त्यांच्यामधून गवत वर आलं होतं. उंटांचं शेण वाळून त्याचा भुसा झाला होता. बाबांनी वाकून दगडाला हात लावला. मग म्हणाले, तुला नीट दिसत नसेल, पुढे बघू. आम्ही ओढ्याच्या काठाने खाली गेलो, परत वर आलो. तू सांगितलेले तीन दिवस आम्ही तिथेच काढले. दुसरा तांडा नव्हता. तांड्याशिवाय वाळवंट ओलांडणं बाबांना झेपणारं नाही, आणि त्यांना सोडून जाणं मला.

खजूरवाली भेटली. तिने निरोप दिला होता. झक्कूर म्हणाला, "यहुद्यांचं वल्हांडण झालं, बाबेलच्या हिशोबाने पुनव मी मोजलीय. आता हे दुसरं कुठलं काढलं?" तरी तो दोन दिवस जास्त थांबला. खजूरवाली म्हणाली, भला माणूस, शिव्या देत देत थांबला.

परत येताना वेशीवर त्याच शिपायाने विचारलं, खजूर कुठे आहेत? मी म्हटलं, मिळाले नाहीत.

आत्या, साक्ष खरी होती. मी रोज मनात ते शेत पुन्हा बघते. ओंजळीपेक्षा जास्त नव्हतं. मी काय चुकले असं शोधते आणि सापडत नाही, आणि न सापडल्याने बरं वाटत नाही.

यदीदा


तेल-अबीब
पाचवा महिना

यदीदा,

झक्कूर काल आला. एकटा.

मी दारात सडा घालून बसले होते. तुमच्यासाठी वेगळी चटई विणून घेतली होती. त्याने उंट बसवले आणि म्हणाला, बाई, तुमचे लोक आले नाहीत, कोणीतरी खजूरवाली येऊन काहीबाही सांगून गेली. मी आता स्पष्ट बोलते. दादाने तुला अडवलं. त्याला मी ओळखते. त्याला वाटतं, तो गेला तर सातू उगवायचा थांबेल. आम्हाला बांधून नेलं त्या दिवशीही तो अंगणात उभा राहून मला सांगत होता, बाबेलमध्येही सण चुकवू नकोस. सण चुकवला नाही मी. राजवाड्याची दवंडी ऐकून, बोटांवर मोजून, दर वर्षी बरोबर पुनवेला केला. त्याला सांग. (हे मी जरा सौम्य करून लिहिणार होतो. तिने शेजाऱ्याच्या मुलाकडून वाचून घेतलं.)

त्याच महिन्यात, पुढे:

आज तुझी दोन्ही पत्रं एकदम आली, अधिक महिन्याचं आणि यरीहोचं.

वरचं मला खोडायचं होतं. हे म्हणाले, लिहायला जागा कमी आहे, राहू दे, तिला कळेल. पोरी, मला सुचलंच नाही. इतकी वर्षं झाली, इथे महिना राजवाड्यातून येतो. दवंडीवाला ओरडतो आणि आम्ही पहिला महिना लागला, निसान लागला म्हणतो. इथला सातू तुमच्या आधी पिकतो, तोही कोणी बघत नाही. तिकडे तीन म्हातारे लोंब्या चोळत असतात, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय महिना लागत नाही, हे मी विसरले. मी. त्याच घरात वाढलेली.

दादाला काही म्हणू नकोस. मी जे बोलले ते वाचून दाखवू नकोस. तू वाचशीलच, मला माहीत आहे.

झक्कूर पुन्हा जायला तयार नाही. म्हणतो, फौज निघाली, आता त्या रस्त्याला उंट घेऊन जाणारा शहाणा नाही. मी त्याच्या घरी तीनदा जाऊन आले. अक्कूबच्या आईने दुसरीकडे सोयरीक जमवली. मी काय बोलणार? जेवायला गेले आणि आले.

(यदीदा, तू पापाचं विचारलं होतंस. मी विचार केला. ज्याला दिसतं त्याने सांगावं आणि ज्याचं ऐकतात त्याने बोलावं, यात मला पाप दिसत नाही. पण मी कालव्याचा कारकून आहे. — एलासा)

कसंही करून निघा. कोणाबरोबरही.

आत्या


यरुशलेम
वेढा पडल्यानंतरचं दुसरं वल्हांडण

आत्या,

लिहायला दुसरं काही मिळत नाही, म्हणून फुटक्या रांजणाच्या खापरावर लिहिते. मागचं तुझं पत्र फौज येण्याच्या थोडं आधी पोचलं होतं. सगळं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, बरोबर बोलली ती.

एक माणूस भिंतीवरून दोर सोडून बाबेलच्या छावणीत चाललाय. त्याला तिकडे नेतील, त्याच्याजवळ हे देते. बाबांना दोर धरवणार नाही. मी का गेले नाही, हे विचारू नकोस.

यंदा सातू बघायला जाता येत नव्हतं. शेतं भिंतीबाहेर आहेत, त्यांत घोडे बांधलेत. बाबांच्या बरोबरच्या दोघांपैकी एक वारला, एक पळाला. देवळाच्या मोठ्या याजकाने बाबांना एकट्याला बोलावून विचारलं, "पदाया, सातू कसा आहे?"

मी तिथे दाराशी उभी होते. अधिक महिना धरला असता तर पुढच्या पुनवेपर्यंत शहरात एक कोकरू उरलं नसतं. भाकरीही नाही. सगळ्यांना ते माहीत होतं, याजकालाही. 

बाबा म्हणाले, "पिकलाय."

वल्हांडण झालं. एका कोकराला सहा घरं होती.

तेव्हापासून बाबा तळहात उघडे ठेवून बसतात. मला म्हणाले, "मी न बघता साक्ष दिली, यदी. जन्मात पहिल्यांदा." मी म्हटलं, शेत दिसत नव्हतं, तुम्ही काय करणार? ते म्हणाले, दिसत नाही असं म्हणायचं होतं.

मग त्यांना तुझी आठवण झाली. त्या वर्षी तुम्ही आमच्यापेक्षा एक महिना पुढे होता. मधल्या काळात तुमच्या राजवाड्याने अधिक महिना धरला असेल, तर यंदाची आपली पुनव एकच असेल. बाबा म्हणतात, अबीटालला विचार. तिकडेही तेव्हाच वल्हांडण झालं असेल, तर माझं बोलणं देवाने खरं करून घेतलं असं मी समजेन.

एवढंच कळव. बाकी काही नको. जागा संपली.

य.


तेल-अबीब
सहावा महिना

यदीदा पोरी,

खापर पोचलं. आणणाऱ्या माणसाने ते कमरेला बांधून आणलं, त्याच्या अंगावर वळ उठलेत. मी त्याला जेवायला वाढलं, तो जेवत राहिला, मी विचारत राहिले. तो निघाला तेव्हा तुम्ही दोघं होता, एवढंच त्याला सांगता आलं. शहराचं इथे कोणी काही म्हणतं, कोणी काही. मी कालव्यावर जाऊन नव्याने आलेल्या माणसांना विचारते. ते माझ्याकडे बघतात आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

दादाला सांग. कानाशी जाऊन, मोठ्याने सांग, म्हणजे त्याला पुन्हा विचारावं लागणार नाही. राजवाड्याने मध्ये अधिक महिना धरला. तुम्ही कोकरू खाल्लंत त्याच संध्याकाळी आम्हीही खाल्लं. पुनव एकच होती. त्याची साक्ष खरी ठरली. त्याने आता हात मिटावेत आणि जेवावं.

तुझी चटई मी कोणाला दिलेली नाही.

आत्या

(यदीदा, वरचं तिने सांगितलं तसं लिहिलं. राजवाड्याने अधिक महिना धरला नाही. तुमच्या वल्हांडणाच्या पुनवेला इथे दुसरा महिना चालू होता, आमचं कधीच होऊन गेलं होतं. दर वर्षी दवंडी आम्ही दोघांनी दारात उभं राहून ऐकलीय, तेव्हा तिला हे ठाऊक आहे. हे लिहू नका म्हणाली. पत्र न्यायला तिकडे जाणारा कोणी नाही. म्हणून लिहिलं. — एलासा)